पेटंट पडते कशाने? हळद, कडुनिंब आणि आधीचा दाखला



हळदीचे पेटंट अमेरिकेने घेतले होते आणि आपण ते परत मिळवले, असे आपल्याकडे सर्रास सांगितले जाते. आम्हीही सभांतून हे वाक्य ऐकले आहे. ऐकायला बरे वाटते, पण त्यात एक शब्द चुकीचा आहे. आपण काही परत मिळवले नाही. ते पेटंट रद्द झाले, म्हणजे हळदीने जखम भरते ही गोष्ट कोणाच्याच नावावर राहिली नाही. गायरानाचा एक तुकडा कोणी आपल्या नावावर लावून घेतला, गावाने हरकत घेतली आणि ती नोंद रद्द झाली, तर तो तुकडा सरपंचाच्या नावावर होत नाही. पुन्हा गायरानच होतो. तसेच हे.

ही नोंद रद्द झाली कशी, कोणत्या पुराव्यावर, आणि कोणता पुरावा कामाला आला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. हल्ली औषधे, खते, औजारे विकायला येणारा जो तो "आमचं पेटंट आहे" असे सांगतो. आपल्यातलेही काही हुन्नरी सभासद स्वतः औजारे बनवतात, ती प्रदर्शनात मांडतात. या दोन्ही बाबतींत एकच प्रश्न महत्त्वाचा ठरतो : ही गोष्ट त्या तारखेच्या आधी कुठे होती का?

पेटंट म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. नवी वस्तू किंवा नवी कृती काढणाऱ्याला सरकार अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे हक्क देते, की तेवढ्या काळात त्याच्या परवानगीशिवाय दुसऱ्या कोणी ती करू नये, विकू नये. बदल्यात त्याने ती कशी केली हे सगळे लिहून उघड करायचे. मुदत संपली की ती सर्वांची. हा सौदा वाईट नाही, पण त्याची पहिली अट अशी की वस्तू नवी पाहिजे. जी सर्वांना आधीच ठाऊक आहे ती उघड केल्याबद्दल बक्षीस कशाला द्यायचे?

आता नवी आहे की नाही हे ठरवायचे कसे? लोकांचा गैरसमज असा की पेटंटाचे नाव वाचले की कळते. "हळदीचे पेटंट", "कडुनिंबाचे पेटंट", "बासमतीचे पेटंट" असे आपण म्हणतो. खरे म्हणजे नावाला काही किंमत नाही. पेटंटाच्या कागदाच्या शेवटी क्रमांक घालून काही वाक्ये लिहिलेली असतात, त्यांना दावे म्हणतात. हक्क असतो तो त्या वाक्यांपुरता. सातबाऱ्यावर शेताला लोक काय म्हणतात, 'माळ' की 'मळई', याने हद्द ठरत नाही. हद्द ठरते चतुःसीमेने. दावा ही पेटंटाची चतुःसीमा. म्हणून पहिले काम असे की दाव्याचे वाक्य घ्यावे आणि त्याचे तुकडे पाडावेत. अमुक वस्तू, अमुक प्रमाणात, अमुक रीतीने, अमुक कामासाठी. मग आधीचा दाखला घ्यावा आणि एकेक तुकडा त्यात आहे का ते तपासावे. सगळे तुकडे एकाच दाखल्यात सापडले तर नावीन्य गेले. एक तुकडा जरी सापडला नाही तरी निदान या मार्गाने दावा पडत नाही. दुसरा मार्ग आहे, तो पुढे सांगू.

उसाचेच उदाहरण घेऊ. हे उदाहरण केवळ समजण्यासाठी आहे, असे पेटंट कोणी मागितले आहे असे नव्हे. खोडव्याची वाढ खुंटवणाऱ्या रोगावर बेणे ५० अंश सेल्सिअस तपमानाच्या पाण्यात दोन तास ठेवण्याची प्रक्रिया जुनी आहे, पुस्तकांत छापलेली आहे. समजा उद्या एकाने दावा केला, "ऊस बेणे ४५ ते ५५ अंश तपमानाच्या पाण्यात एक ते तीन तास ठेवण्याची कृती." तो म्हणेल, माझी पट्टी नवी आहे, ४५ ते ५५ असे कोणीच लिहिलेले नाही. पण ५० अंश आणि दोन तास हा बिंदू त्याच्या कुंपणाच्या आत पडतो. कुंपणात दुसऱ्याची एक जरी विहीर आधीपासून असली तरी सबंध कुंपण आपले म्हणता येत नाही. दावा पडला.

आता उलटे पाहा. समजा जुन्या पुस्तकात एवढेच आहे की "बेणे गरम पाण्यात बुडवावे." तपमान नाही, वेळ नाही. आणि नव्या माणसाने दावा केला की अमुक तपमान, अमुक वेळ आणि त्या पाण्यात अमुक द्रव्य अमुक प्रमाणात. इथे जुने ढोबळ वाक्य नव्या नेमक्या दाव्याला पाडू शकत नाही. नेमका जुना दाखला ढोबळ नव्या दाव्याला पाडतो, ढोबळ जुना दाखला नेमक्या नव्या दाव्याला सहसा पाडत नाही. "आमच्याकडे हे पहिल्यापासून चालतं" असे म्हणणारा माणूस बहुधा खरे बोलत असतो, पण तो ढोबळ बोलत असतो. तिथेच घोडे पेंड खाते.

तारखेचेही तसेच आहे. पेटंट मंजूर कधी झाले ही तारीख पाहायची नाही. अर्ज पहिल्यांदा कधी केला ती तारीख पाहायची. कोणी आधी एका देशात अर्ज करून मुदतीत दुसऱ्या देशात केला असेल, तर पहिल्या देशातली तारीख धरली जाते. तिला अग्रक्रमाची तारीख म्हणतात. तुमचा दाखला त्या तारखेच्या आदल्या दिवशीचा असेल तर उपयोगाचा, दुसऱ्या दिवशीचा असेल तर रद्दी.

आता हळदीकडे येऊ.

अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रातील दोघा संशोधकांनी डिसेंबर १९९३ मध्ये अर्ज केला. दोघेही भारतीय वंशाचे, हे येथे सांगितले पाहिजे, कारण हळदीचा हा उपयोग परक्यांनी ऐकून उचलला असे आपण समजतो. मार्च १९९५ मध्ये पेटंट मिळाले. मुख्य दाव्याचा मथितार्थ असा : रुग्णाला हळदीच्या पुडीची परिणामकारक मात्रा देऊन जखम भरून येण्यास मदत करण्याची पद्धत. बस, एवढेच. तुकडे पाडा : हळदीची पूड, रुग्ण, जखम, भरणे. विळा लागला, नांगराचा फाळ लागला की आपल्या घरात पहिला हात कुठे जातो? डब्याकडे. मग हा दावा एका दिवसात पडायला हवा होता, नाही का?

नाही पडला. कारण अमेरिकेच्या त्या वेळच्या कायद्यात एक मोठी मेख होती. अमेरिकेच्या बाहेर एखादी गोष्ट वापरात होती किंवा लोकांना ठाऊक होती, एवढे पुरत नसे. बाहेरचा पुरावा द्यायचा तर तो छापील लेख पाहिजे किंवा पेटंट पाहिजे. तुमची आजी, माझी आजी, कोट्यवधी आज्या, या सगळ्यांची साक्ष त्या कायद्यापुढे शून्य. आणि गंमत अशी, की तीच गोष्ट खुद्द अमेरिकेत कोणी उघडपणे वापरत होते असे सिद्ध झाले असते तर ती धरली गेली असती. समुद्राच्या त्या काठाला लावलेली हळद पुरावा, या काठाला लावलेली नव्हे! हा नियम आम्हाला तेव्हाही अन्यायाचा वाटला असता. पुढे अमेरिकेनेच तो बदलला. १६ मार्च २०१३ पासून पुढच्या अर्जांना जगात कुठेही झालेला उघड वापर लागू होतो.

त्या वेळी वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते, मूळ गोव्यातील माशेलचे. परिषदेने ऑक्टोबर १९९६ मध्ये अमेरिकन पेटंट कार्यालयाकडे फेरतपासणीचा अर्ज केला. त्यासोबत ३२ दाखले जोडले. त्यांत संस्कृत, उर्दू आणि हिंदी मजकूर होते, काही शंभर वर्षांहून जुने. आणि भारतीय वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात १९५३ साली आलेला एक लेखही होता. ज्यांची भाषा तपासनिसाला येत नव्हती त्यांचे भाषांतर द्यावे लागले.

पेटंटधारकांनी बाजू मांडली तीही पाहण्यासारखी आहे. त्यांचे म्हणणे असे पडले की जुन्या ग्रंथांत आहे तो लेप, आमच्या दाव्यात आहे ती पूड. लेप निराळा, पूड निराळी, अंगात भिनण्याचे गुणधर्म निराळे. म्हणजे त्यांनीही तुकड्याचाच मुद्दा काढला. एक तुकडा जुन्या दाखल्यात नाही असे दाखवण्याची ही धडपड. घरच्या बाईला हा वाद सांगितला तर ती म्हणेल, लेप केला कशाचा, पुडीचाच ना? तपासनिसानेही हे म्हणणे मानले नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये दावे नाकारले गेले आणि एप्रिल १९९८ मध्ये रद्दतेचे प्रमाणपत्र निघाले.

सांगलीच्या हळद बाजाराला माल घालणारे पुष्कळ सभासद हे वाचत असतील. हरिपूरच्या पेवांत पिढ्यान्‌पिढ्या हळद साठवली गेली, पण त्या पेवांनी अमेरिकेत काही सिद्ध केले नसते. सिद्ध केले ते ग्रंथालयातल्या कागदांनी. हा अनुभव घेऊनच पुढे सरकारने पारंपरिक ज्ञानाचे डिजिटल ग्रंथालय २००१ साली उभे करायला घेतले. आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांतील योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, जपानी व स्पॅनिश या पाच भाषांत मांडून निरनिराळ्या देशांच्या पेटंट कार्यालयांना पाहायला दिले जातात, म्हणजे तपासनिसाने पेटंट देण्याआधीच पाहावे.

कडुनिंबाची हकीगत मात्र अगदी उलट आहे. आणि ती आपल्या भागातली आहे, हे फार थोड्यांना माहीत आहे.

अमेरिकेची डब्ल्यू. आर. ग्रेस ही कंपनी आणि अमेरिकेचे कृषी खाते यांनी मिळून युरोपीय पेटंट कार्यालयाकडून सप्टेंबर १९९४ मध्ये एक पेटंट मिळवले. अग्रक्रमाची तारीख डिसेंबर १९८९ ची. बातम्यांत छापून आले, "कडुनिंबाचे पेटंट." तसे ते नव्हते. दाव्याचे तुकडे असे होते : बियांतून विशिष्ट द्रावकाने काढलेले तेल, त्यात कडुनिंबातले अॅझाडिरेक्टिन हे प्रसिद्ध कीटकरोधक द्रव्य जवळजवळ नाही, फवाऱ्यात तेलाचे प्रमाण ०.१ ते १० टक्के. ते पाण्यात मिसळावे म्हणून दुधाळ करणारा पदार्थ. आणि हे सारे झाडांवरील बुरशी आटोक्यात आणण्यासाठी.

याविरुद्ध जून १९९५ मध्ये तिघांनी मिळून हरकत घेतली : भारतातून डॉ. वंदना शिवा, युरोपीय संसदेतील हरित गटाच्या वतीने माग्दा आलव्होएट, आणि सेंद्रिय शेतीवाल्यांचा आंतरराष्ट्रीय संघ. लोक म्हणत, यात काय सिद्ध करायचे आहे? धान्यात निंबाचा पाला आपण टाकतोच, निंबोळीचा अर्क फवारतोच. पण वर सांगितलेला हिशेब इथे लावून पाहा. पाला टाकतो तो कोठीतल्या किडीसाठी. अर्क काढतो तो पाण्यात. दाव्यात आहे ते द्रावकाने काढलेले तेल, आणि आहे ते बुरशीसाठी. परंपरा खरी, परंतु तिचे तुकडे दाव्याच्या तुकड्यांवर नेमके बसत नव्हते. भावनेच्या भरात हे कोणी लक्षात घेतले नसते तर हरकत फेटाळली गेली असती.

नेमका बसणारा दाखला निघाला तो महाराष्ट्रात. १९८५ आणि १९८६ च्या उन्हाळ्यात पुणे आणि सांगली जिल्ह्यांत कडुनिंबाच्या अशा तेलाचे प्रयोग शेतावर, शेतकऱ्यांच्या समक्ष झाले होते. एका भारतीय कारखानदाराने त्याबद्दल प्रतिज्ञापत्र केले आणि म्युनिकला जाऊन साक्ष दिली. युरोपचा कायदा अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्यासारखा नाही. तिथे लेखाने, तोंडी सांगण्याने, वापराने किंवा अन्य कोणत्याही रीतीने, जगात कुठेही गोष्ट लोकांपुढे आली असली की ती जुनी. म्हणून सांगली जिल्ह्यातल्या बांधावर जे झाले ते म्युनिकमध्ये मोजले गेले.

परंतु "वापर होता" असे नुसते सांगून भागत नाही, इकडे लक्ष द्यावे. कागदाला निदान छापल्याची तारीख असते. वापराच्या बाबतीत कोणी केला, काय केले, केव्हा केले, कुठे केले आणि कोणाच्या देखत केले, या सर्वांची उत्तरे द्यावी लागतात. यांतले "कोणाच्या देखत" हे फार मोलाचे. कंपनीच्या बंद प्रयोगशाळेत चार नोकरांनी, कोणाला सांगायचे नाही या अटीवर, हाच प्रयोग केला असता तर तो लोकांपुढे आला असे म्हणता आले नसते. शेतावर उभ्या असलेल्या शेतकऱ्यावर असे कसले बंधन? तो संध्याकाळी पारावर जाऊन सगळ्यांना सांगणार. त्याचे ते सांगायला मोकळे असणे, हाच पुरावा. प्रत्यक्ष त्याने सांगितले की नाही हे सिद्ध करायची गरज नसते.

सुनावणी ९ आणि १० मे २००० रोजी झाली आणि पेटंट रद्द ठरले. अपील झाले, तेही ८ मार्च २००५ रोजी फेटाळले. हरकतीपासून जवळजवळ दहा वर्षे. मूळ पेटंट तसेही २०१० अखेर संपणारच होते. तेव्हा निकाल आपल्या बाजूने लागला याचा आनंद खरा, पण दहा वर्षे आणि त्यातला खर्च पाहता, जे पेटंट मुळात द्यायलाच नको होते ते पाडण्यापेक्षा मिळूच न देणे स्वस्त, असे आमचे मत आहे.

बासमतीचे दोन ओळींत सांगतो. टेक्सासच्या राइसटेक कंपनीला सप्टेंबर १९९७ मध्ये २० दाव्यांचे पेटंट मिळाले. भारताच्या बाजूने २००० साली हरकत गेली, तेव्हा काही दावे कंपनीने आपणहून सोडले, बहुतेक इतर पडले, आणि कंपनीच्या स्वतःच्या तीन वाणांसंबंधीचे तेवढे उरले. म्हणजे पेटंट सबंध पडले असेही नाही आणि टिकले असेही नाही. प्रत्येक दाव्याचा निवाडा वेगळा होतो; दहा गटांच्या जमिनीत आठ गटांवरचा हक्क गेला तरी दोन राहू शकतात.

आता तो दुसरा मार्ग. समजा एकाच जुन्या दाखल्यात सगळे तुकडे मिळत नाहीत. निम्मे एकात, निम्मे दुसऱ्यात. मग नावीन्य नाही असे म्हणता येत नाही. पण विचारता येते, की हे दोन जोडायला अक्कल किती लागली? त्या कामातला जाणता कारागीर, फार हुशार नव्हे आणि अडाणीही नव्हे, त्याच्यापुढे दोन्ही जुन्या गोष्टी ठेवल्या तर त्याने सहज जोडल्या असत्या का? आपल्या वर्कशॉपमधला मुरलेला फिटर डोळ्यांपुढे आणा. त्याला "हात्तिच्या, एवढंच ना!" असे वाटले तर शोध नाही.

या मुद्द्यावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाचा डिसेंबर १९७८ चा निकाल अजूनही प्रमाण मानला जातो. मिर्झापूरच्या एका भांडी कारखान्याचे पेटंट होते १९५१ सालचे. लेथवर भांडे फिरवून घासताना, झिलई देताना ते नीट धरले जात नसे, उडून कामगाराला इजा होई. त्यांनी लेथच्या दुसऱ्या टोकाकडून दाब देऊन भांडे घट्ट धरण्याची सोय केली. काम जलद झाले, सुरक्षित झाले. दुसऱ्या कारखान्याने तेच सुरू केले, म्हणून दावा लागला. न्यायालयाने पाहिले की लेथच्या मागच्या टोकाने दाब देऊन वस्तू धरणे ही गोष्ट कित्येक दशके ठाऊक आहे. ती भांड्यांच्या कामाला थोड्या फरकाने लावली, एवढाच बदल. कामाच्या जागी होणारी ही सुधारणा झाली, शोध नव्हे. पेटंट रद्द.

या निकालातली एक गोष्ट मनाला लागते. सुधारणा उपयोगी होती. कामगाराचा जीव वाचवणारी होती. तरी पेटंट मिळत नाही. उपयोगी असणे आणि नवे असणे हे दोन निराळे प्रश्न आहेत, आणि विक्रेता नेहमी पहिल्याचे उत्तर देऊन दुसऱ्याचे दिल्यासारखे दाखवतो.

यावर एक सावधगिरी सांगितली पाहिजे. पाहून झाल्यावर सगळेच सोपे दिसते. गाठ सुटलेली पाहिल्यावर "हे मीही केलं असतं" म्हणणारे गावभर असतात. म्हणून जाणत्या कारागिराला त्या तारखेच्या आदल्या दिवशी उभे करून विचार करायचा असतो, आजचे ज्ञान त्याच्या डोक्यातून काढून. हे अवघड आहे, आणि न्यायाधीशांची मते यातच सर्वांत जास्त फाटतात.

आपल्याकडचा कायदा १९७० चा, त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या. आपल्या दृष्टीने त्यातल्या काही गोष्टी चांगल्या आहेत. शेतीची किंवा बागायतीची पद्धत पेटंटयोग्य नाही. पारंपरिक ज्ञान जसेच्या तसे पेटंटयोग्य नाही. ज्ञात पदार्थाचा नवा गुण किंवा नवा उपयोग नुसता सापडला म्हणून पेटंट नाही. पिकाचे वाण पेटंटाखाली येतच नाही, त्याला २००१ चा स्वतंत्र कायदा आहे. आणि २००२ च्या दुरुस्तीने हरकतीसाठी असेही कारण घातले की एखाद्या स्थानिक समाजात ते ज्ञान आधीपासून होते, मग ते तोंडी का असेना. म्हणजे हळदीच्या वेळी अमेरिकेने आजीची साक्ष ऐकली नाही, ती आपल्या कायद्यात ऐकली जाते. अर्थात ती साक्ष नेमकी पाहिजे. "पूर्वी असं करत असत" एवढ्याने इथेही भागणार नाही.

अर्ज प्रसिद्ध झाल्यापासून पेटंट मंजूर होईपर्यंत कोणीही लेखी हरकत घेऊ शकतो. त्याला पूर्वी फी नव्हती, २०२४ च्या नियमांनी फी लागू झाली आहे. मंजुरी प्रसिद्ध झाल्यावर वर्षाच्या आत हितसंबंधी व्यक्तीला हरकत घेता येते. प्रसिद्ध झालेल्या अर्जांची यादी पेटंट कार्यालयाच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी येते आणि कार्यालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट पाहता येते.

राहिला प्रश्न स्वतः काही बनवणाऱ्या सभासदांचा, आणि तो आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो. आधीचा दाखला दुसऱ्याचाच असला पाहिजे असे नाही. तो तुमचा स्वतःचाही असू शकतो. कोणी पाचट बारीक करण्याचे किंवा सरी फोडण्याचे चांगले औजार तयार केले, कृषी मेळाव्यात मांडले, शंभर लोकांनी पाहिले, वर्तमानपत्रात फोटो आला आणि मग सहा महिन्यांनी कोणी सुचवले म्हणून अर्ज केला, तर ती बातमीच त्याच्या अर्जाविरुद्ध उभी राहते. कायद्यात प्रदर्शनासाठी बारा महिन्यांची सवलत आहे, पण ती केंद्र सरकारने राजपत्रात जाहीर केलेल्या प्रदर्शनांपुरती. गावचा मेळावा त्यात बसत नाही. म्हणून क्रम लक्षात ठेवावा : आधी अर्ज, मग मांडव. सगळा तपशील तयार नसेल तर कच्चा अर्ज करता येतो, त्याला तात्पुरता अर्ज म्हणतात. तारीख पक्की होते आणि पूर्ण अर्जाला बारा महिने मिळतात. औजार शेतावर चालवून पाहायचे असेल तर घरच्या माणसांपुढे चालवावे, आणि बाहेरच्याला दाखवणे भागच असेल तर गुप्ततेचा लेखी करार करावा.

ज्याला पेटंट घ्यायचेच नाही, फक्त उद्या दुसऱ्या कोणी आपल्यावर ते लादू नये एवढीच इच्छा आहे, त्याने नेमके उलटे करावे. लपवू नये, उघड करावे, आणि तारखेसकट. काय केले, किती घेतले, कसे लावले, याचा पुरता मजकूर असा लिहावा की वाचून दुसऱ्याला करता यावे; कारण ज्यावरून काहीच करता येत नाही असा दाखला पाडायच्या कामाला येत नाही. लोखंडाची बिले, वेल्डिंगवाल्याची पावती, पाहायला आलेल्यांची नावे व सह्या, तारीख असलेले फोटो जपून ठेवावेत. आपल्या शेतकी खात्याकडे प्लॉटवरील प्रात्यक्षिकांच्या वह्या असतात, त्यात हजर शेतकऱ्यांच्या सह्या घेण्याचा कंटाळा करू नये. आणि ही पत्रिका आहेच. हिच्यावर महिना व वर्ष छापलेले असते, अंक सभासदांना वाटले जातात, म्हणजे लोकांपुढे आले हे सिद्ध करायला निराळा साक्षीदार लागत नाही. ज्या सभासदांना आपली कृती अशी नोंदवून ठेवायची असेल त्यांनी ती एका बाजूला सुवाच्य अक्षरात लिहून, आकृती असल्यास मापांसह, गट कार्यालयात द्यावी. पेटंट घ्यायचा विचार असेल त्यांनी मात्र कृपा करून आमच्याकडे काही पाठवू नये. मुंबईत अँटॉप हिलला पेटंट कार्यालय आहे, आधी तिकडे जावे.